जुन्या वळणाचे रंग छापताना मळतात का?

प्रश्न : आमचा बचत गट वायगाव हळद विकतो. जुन्या किराणा दुकानातल्या डब्यांसारखं लेबल केलं : मस्टर्ड, विटकरी, क्रीम. मोबाइलवर सुरेख दिसलं, पण खाकी कागदी पाऊचवर छापलं तर चिखल झाला. चूक कुठे?
(बचत गटाच्या सचिव, ता. समुद्रपूर, जि. वर्धा)

उत्तर : ताई, रंग छानच निवडलेत, घात खाकी कागदाने केला. छपाईची शाई पारदर्शक असते, त्यामुळे खालचा तपकिरी रंग वर येतो. पाऊच तोच ठेवा, रंगीत लेबल मात्र पांढऱ्या मॅट स्टिकरवर छापून चिकटवा.

दुसरा दोष फाइलमध्ये असतो. मोबाइलचा रंग प्रकाशाचा, छपाईचा चार शायांचा. फाइल छपाईच्या रंगांत आपोआप बदलली की त्यात निळसर सायन शिरतो, आणि पिवळ्या-लालात सायन म्हणजे मळ. डीटीपीवाल्याला कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये शाईचे टक्के हाताने भरायला लावा. सायन, मॅजेंटा (गुलाबी-लाल), पिवळा, काळा या क्रमाने मस्टर्डला ५, ३०, ९०, ५. विटकरीला १०, ८०, ९०, १०. क्रीमला ०, ४, १५, ०. कागदाप्रमाणे थोडं मागेपुढे होईल, म्हणून आधी एकच नमुना काढा आणि तो दाराबाहेर, दिवसाच्या उजेडात बघा. ट्यूबलाइटखाली हे रंग फसवतात.

निम्म्याहून जास्त जागा क्रीमला द्या, विटकरी फक्त नावाच्या अक्षरांना आणि काठाला. पाऊचला पारदर्शक खिडकी असेल तर तिच्याभोवती मस्टर्ड नकोच; हळदीच्या झळाळीपुढे तो विटका दिसतो. मस्टर्डवर पांढरी अक्षरंही नकोत, वजन-किंमत वाचताच येत नाही. बारीक मजकूर एकट्या काळ्या शाईत घ्या. चार शायांत केला तर छपाई केसभर सरकली तरी अक्षरांच्या कडा दुहेरी होतात.

प्रश्न : दुकानाचा याच रंगांचा फ्लेक्स एका उन्हाळ्यात फिका पडला. काय करावं?
(एक दुकानदार, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : उन्हात सहसा मॅजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते, आणि हे सगळे रंग त्या दोघींवरच उभे आहेत. कायमची पाटी पत्र्यावर ऑईल पेंटने रंगवून घ्या : पॉलिश पेपर मारून प्रायमर, मग क्रीमचे दोन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळू देऊन. अक्षरांना भडक लाल न घेता रेड ऑक्साइडचा विटकरी मागा. त्यात गेरूतलंच लोहाचं ऑक्साइड असतं. भिंतीवरचा गेरूचा पट्टा पावसाने धुपतो, पण उन्हाने उडत नाही.