फायबर घरात आलं, आता कॉम्प्युटर कुठे राहणार?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीची आहेत. घरी फायबर घेतलं, स्पीड भरपूर मिळतोय, मग आता कॉम्प्युटरचं काय करायचं? म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, या वेळी फक्त हेच.

प्रश्न : सर, आमच्याकडे ३०० एमबीपीएसचं फायबर आहे पण लॅपटॉप आठ वर्षांचा, ४ जीबी रॅम, विंडोज १०. दुकानदार म्हणतो यावर विंडोज ११ चढणार नाही, नवीनच घ्या. मुलगी बारावीला आहे, आत्ता चाळीस-पन्नास हजार काढणं अवघड आहे. क्लाऊडवरचा पीसी भाड्याने मिळतो म्हणतात, त्यात भागेल का? – कोल्हापूर

उत्तर : दुकानदार अर्धं बरोबर सांगतोय. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, घरगुती लोकांसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहेत पण त्यासाठी मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून नोंदणी करावी लागते. पण म्हणून लॅपटॉप भंगारात काढायची काहीच गरज नाही.

आधी एक हिशेब बघा. ३०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साधारण ३७ एमबी (नेटचा स्पीड बिटमध्ये मोजतात, फाइल बाइटमध्ये, आणि ८ बिटांचा एक बाइट). तुमच्या जुन्या लॅपटॉपमधली फिरणारी हार्डडिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचते. म्हणजे तुमच्या घरातलं नेट आणि तुमच्या लॅपटॉपची डिस्क यांच्यात आता फक्त तिपटीचा फरक उरलाय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी मोडेमच्या जमान्यात हाच फरक हजारपट होता! त्यामुळे प्रोग्रॅम घरातच, आपल्या डिस्कवरच हवा ही जी सक्ती होती ती आता जवळजवळ संपली, बाकी सगळे बदल या एका गोष्टीतून निघालेत.

क्लाऊड पीसी म्हणजे काय, तर कॉम्प्युटर डेटा सेंटरमध्ये चालतो आणि तुमच्याकडे फक्त त्याच्या स्क्रीनचं चित्र व्हिडिओसारखं येतं, तुमचा माउस आणि कीबोर्ड उलट दिशेने जातात. फुल एचडी स्क्रीन सेकंदाला ६० वेळा जशीच्या तशी पाठवायची तर ३ जीबीपीएस लागतील, पण कॉम्प्रेस केल्यावर १०-१५ एमबीपीएसमध्ये काम होतं. म्हणजे तुमचं ३०० चं कनेक्शन गरजेपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि ६०० चं घेऊन काहीही फरक पडणार नाही. फरक पडतो तो पिंगने, म्हणजे डेटा सेंटरला संदेश जाऊन उत्तर परत यायला जो वेळ लागतो त्याने; कीबोर्डचं बटण दाबल्यावर अक्षर किती उशिरा दिसेल ते त्यावर ठरतं. फायबरमधून प्रकाश १००० किलोमीटर जायला ५ मिलीसेकंद घेतो, आणि मुंबई-पुण्यात मोठमोठी डेटा सेंटर आहेत (ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून), तेव्हा कोल्हापूरकरांना अंतराची अडचण नाही. अडचण बहुतेक वेळा घरातच असते, राउटर खाली हॉलमध्ये टीव्हीच्या मागे आणि लॅपटॉप वरच्या खोलीत, मधे दोन भिंती, आणि मग पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, रेंगाळतात आणि माउस अडखळतो. राउटर लॅपटॉपच्या खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वापरा (भिंतींपलीकडे ते कमी पोचतं) नाहीतर सरळ लॅनची वायर ओढा.

२०२५ मध्ये जिओने सेट टॉप बॉक्सवर चालणारा जिओपीसी आणला, टीव्हीला बॉक्स, बॉक्सला कीबोर्ड-माउस, झाला कॉम्प्युटर, आणि त्यात वर्ड-एक्सेलसारख्या कामांसाठी लिब्रेऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर दिलंय. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांना हे चांगलं आहे. पण तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना, मग दर महिन्याचं भाडं कशाला? त्यात फिरत्या डिस्कऐवजी एसएसडी (चिपवरची वेगवान डिस्क) टाकून घ्या, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी एक्सएफसीई आवृत्ती टाका, ब्राउझर उघडा. बारावीची लेक्चर, पीडीएफ, टायपिंग, मेल हे सगळं त्यात होतं. नवीन लॅपटॉप पुढच्या वर्षी ती कुठल्या कोर्सला जाते ते बघून घ्या.

प्रश्न : नव्वदच्या दशकात आम्ही वाचायचो की इंटरनेटमुळे मायक्रोसॉफ्टची सद्दी संपणार, सगळं ब्राउझरमध्ये चालणार. मी बँकेतून रिटायर झालो पण अजून सगळीकडे वर्ड आणि एक्सेलच. ते भाकीत खोटं ठरलं का? – पुणे

उत्तर : भाकीत बरोबर होतं, तार बारीक होती.

१९९५ ला ओरॅकल या डेटाबेस कंपनीच्या लॅरी एलिसननी नेटवर्क कॉम्प्युटरची कल्पना मांडली, ५०० डॉलरचं साधं यंत्र, आत डिस्क नाही, प्रोग्रॅम नेटवरून उतरणार. ऑफिसातल्या नेटवर्कवर ते जमलंही असतं पण घरात तेव्हा २८.८ केबीपीएसचा मोडेम असायचा. त्यावर १० एमबीचा प्रोग्रॅम उतरवायला पाऊण तास लागतो. आपल्याकडे तर १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सुरू केलं, आणि पुढे घरी कनेक्शन आलं तरी ते घरच्या टेलिफोनवर, मला आठवतंय रात्री सगळे झोपल्यावर डाउनलोड लावायचो कारण दिवसा लाइन अडकली की नातेवाइकांचे फोन लागायचे नाहीत, आणि पहाटे लाइन कट झाली की पुन्हा पहिल्यापासून. एक अख्खी सीडी, ७०० एमबी, ५६ केबीपीएसवर उतरवायला जवळजवळ २८ तास. असं असताना लोक सीडीवरून प्रोग्रॅम टाकणार नाहीत तर काय करणार?

बिल गेट्सना धोका कळला होता. मे १९९५ मध्येच त्यांनी कंपनीत मोठा मेमो काढून इंटरनेटला सगळ्यात वरचा नंबर दिला. नेटस्केपचा ब्राउझर विंडोजवरही चालायचा, मॅकवरही आणि युनिक्सवरही, मग प्रोग्रॅम ब्राउझरसाठी लिहिले जायला लागले तर खाली विंडोज आहे की अजून काही, याने कुणाला फरक पडणार? म्हणून इंटरनेट एक्स्प्लोरर फुकट, विंडोजबरोबरच. त्यावरून १९९८ ला अमेरिकन सरकारने केस टाकली, २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा आदेशही झाला आणि २००१ ला अपील कोर्टाने तो रद्द केला. त्या निकालातला मुख्य मुद्दा आजही समजून घेण्यासारखा आहे : लोक विंडोज घेतात कारण प्रोग्रॅम तिथे आहेत, आणि प्रोग्रॅम लिहिणारे विंडोजसाठी लिहितात कारण लोक तिथे आहेत. हे चक्र बाहेरून तोडणं महाकठीण. तुमच्या बँकेत, आमच्या एमएससीआयटीच्या क्लासमध्ये, सगळीकडे हेच चक्र फिरत होतं, लाखो मुलं कॉम्प्युटर म्हणजे विंडोज असंच शिकून बाहेर पडली.

चक्र सुटायला लागलं ते कोर्टामुळे नाही, तार जाड झाल्यावर. २००४ च्या आपल्या ब्रॉडबँड पॉलिसीत २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं (आता व्याख्या २ एमबीपीएस आहे). त्याच वर्षी १ जीबी जागा देणारं जीमेल आलं, २००६ ला गूगल डॉक्स. आणि गंमत बघा, पान पुन्हा न उघडता मागून डेटा आणायचं जे तंत्र या सगळ्यांनी वापरलं ते १९९९ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ५ मध्ये मायक्रोसॉफ्टनेच आउटलुकच्या वेब आवृत्तीसाठी केलेलं होतं.

सगळ्यात बोलकं उदाहरण मला फिग्माचं वाटतं. डिझाइनचं सॉफ्टवेअर, पूर्णपणे ब्राउझरमध्ये, दोघंतिघं एकाच फाइलवर एकाच वेळी काम करणार. अडोबीसारखी कंपनी, जिच्याशिवाय डिझायनरचं पान हलत नाही, ती २०२२ मध्ये फिग्मासाठी २० अब्ज डॉलर मोजायला तयार झाली, आणि युरोप-ब्रिटनमधल्या नियामकांच्या विरोधामुळे २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो सौदा सोडावा लागला. जाड तारेशिवाय फिग्मा जन्मालाच आलं नसतं.

पण मायक्रोसॉफ्ट गेलं का? नाही. त्यांनी ॲझूर ही क्लाऊड सेवा काढली, २०११ ला वर्गणीवरचं ऑफिस ३६५ काढलं, आणि ज्या तारेची भीती होती त्याच तारेवरून भाडं गोळा करायला लागले. अडोबीनेही २०१३ पासून मुख्य सॉफ्टवेअरच्या नवीन आवृत्त्या डब्यातून विकणं थांबवून त्या फक्त वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. ब्राउझर तरी मोकळा राहिला का म्हणाल तर आज बहुतेक ब्राउझरच्या पोटात क्रोमियम हा गूगलचा गाभा आहे, मायक्रोसॉफ्टचं एजसुद्धा २०२० पासून त्यावरच, आणि २०२४ मध्ये अमेरिकन कोर्टाने सर्चमध्ये गूगलची बेकायदा मक्तेदारी असल्याचा निकाल दिला. तेव्हा माझं मत विचाराल तर, वेगवान नेटने मक्तेदारी मोडली नाही, तिची जागा बदलली. पूर्वी आपण अडकायचो प्रोग्रॅममुळे, आता अडकतो अकाउंटमुळे आणि फाइल कुणाकडे आहेत त्यामुळे. आणि हे जास्त काळजीचं आहे कारण जुनं वर्ड पैसे भरले नाहीत म्हणून बंद पडत नव्हतं.

प्रश्न : माझं छोटं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, दिवाळी अंक, स्मरणिका. पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपी (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर), वीस वर्षं. फायबर घेतलंय. आता ऑनलाइन सॉफ्टवेअरवर जावं का? – सोलापूर

उत्तर : तुमच्यासारख्यांना विंडोजने बांधलं नव्हतं, फॉन्टने बांधलं होतं. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या मशीनवर उघडला की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, त्यामुळे तो फॉन्ट, तो पेजमेकर (शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची!) आणि ते चालवणारं जुनं विंडोज, सगळं एकत्र जपावं लागतं. मराठी मजकूर ब्राउझरमध्ये जाऊ शकला तो युनिकोडमुळे (प्रत्येक अक्षराला सगळ्या मशीनवर एकच ठरलेला क्रमांक), नुसत्या स्पीडमुळे नाही.

लगेच उडी मारू नका. नवीन कामं युनिकोडमध्ये सुरू करा, फॉन्टही आता चांगले आणि मोफत मिळतात, ‘मुक्त’ (Mukta) नावाचा आहे, ‘बालू’ (Baloo) नावाचा आहे. जुन्या अंकांचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये काढून ठेवा आणि तपासा, रफार आणि जोडाक्षरं हमखास फसतात, एकदा माझ्याच एका स्मरणिकेत कन्व्हर्ट केलेली नावांची यादी न तपासता छापायला गेली आणि अर्ध्या देणगीदारांची आडनावं चुकली, मला अजून वाईट वाटतं. जुनं मशीन मात्र चालू ठेवा, फक्त नेटला जोडू नका. पत्रिकेसारखी छोटी कामं ऑनलाइन करायला हरकत नाही पण प्रत्येक काम झालं की पीडीएफ आणि मूळ मजकूर दोन्ही स्वतःच्या डिस्कवर उतरवून घ्या. वर्गणी थांबली आणि पुढच्या दिवाळीत गिऱ्हाईक म्हणालं मागच्या वर्षीचंच डिझाइन द्या, तर?

प्रश्न : मुलगा बंगळुरूला असतो. म्हणतो २०० जीबी फोटो-व्हिडिओ सगळे क्लाऊडवर टाका आणि हार्डडिस्क काढून टाका. आमच्याकडे पावसात नेट जातं. काय करू? – रत्नागिरी

उत्तर : आधी अपलोडचा स्पीड तपासा, जाहिरातीत असतो तो डाउनलोडचा. अपलोड १० एमबीपीएस असेल तर २०० जीबी चढायला ४४ तास सलग लागतील, १०० असेल तर साडेचार. गूगलवर फुकट जागा १५ जीबीच, म्हणजे पुढे दर वर्षी पैसे. क्लाऊडवर टाका जरूर, घरात पाणी शिरलं तर तीच कॉपी कामाला येईल, पण हार्डडिस्क काढून टाकू नका. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा ती लावून दोन-चार फोटो उघडून बघा. आणि अकाउंटचा पासवर्ड फक्त मुलाकडेच असेल तर तो आजच लिहून घ्या.