एचबीओच्या गाजलेल्या सिरीज संपल्या, आता त्यांनी पुढे काय बनवायला हवं?

तुम्ही प्रश्नात म्हटलंय की सक्सेशन संपली, बॅरी संपली, गेम ऑफ थ्रोन्स तर केव्हाच संपली, आता एचबीओकडे हाऊस ऑफ द ड्रॅगन, म्हणजे थ्रोन्सच्याच आधीच्या काळातली सिरीज, सोडली तर उरलंय काय आणि त्यांनी बनवावं तरी काय. माझं मत सरळ आहे. पुढचा मोठा हिट शोधत बसू नका. सहा-सहा एपिसोडच्या, कमी पैशातल्या, एखाद्या गावात आणि एखाद्या कामात घट्ट रुतलेल्या गोष्टी बनवा, एकाच वेळी पाच-सहा तरी, आणि त्या लिहिणाऱ्या माणसांना धरून ठेवा, त्यांचा एखादा शो पडला तरीसुद्धा.

आधी एक गोष्ट, कारण आपल्याकडे इथेच गोंधळ होतो. आपण भारतात जे एचबीओ बघितलं ते हॉलीवूडचे पिक्चर दाखवणारं, मधेमधे जाहिराती येणारं चॅनल होतं, 2020 च्या डिसेंबरात ते बंदही झालं. अमेरिकेतलं एचबीओ म्हणजे पूर्ण वेगळा मामला. 1972 साली पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी नावाच्या गावात सुरू झालं आणि तेव्हापासून धंदा एकच, जाहिरात नाही, केबलच्या बिलावर वेगळे पैसे भरायचे आणि बघायचं. त्यामुळे अमुक शो किती लोकांनी बघितला यापेक्षा पुढच्या महिन्यात किती घरांनी पैसे भरणं चालू ठेवलं हा हिशोब महत्त्वाचा. आता यातून एक फार मोठी मोकळीक मिळते. समजा दहा शो आहेत आणि प्रत्येक घरात त्यातला एकच शो जीव टाकून बघितला जातो, बाकी नऊंकडे कुणी ढुंकूनही बघत नाही, तरी ते घर पैसे भरतंच. म्हणजे सगळ्यांना आवडेल असं काही बनवायची सक्तीच नाही. ही मोकळीक जेव्हा जेव्हा वापरली तेव्हा एचबीओ भारी होतं आणि जेव्हा विसरले तेव्हा गडबडले.

आणि ही वेळ त्यांच्यावर पहिल्यांदा आलेली नाही. सिक्स फीट अंडर 2005 ला संपली, डेडवुड तीन सीझननंतर 2006 मध्ये थांबवली, रोम दोनच सीझन करून 2007 ला बंद, 10 जून 2007 ला सोप्रानोज संपली आणि पुढच्या मार्चमध्ये द वायर. म्हणजे ज्या नावांवर चॅनलची सगळी इज्जत उभी होती ती तीन वर्षांत गेली, त्यातच 2007 च्या मे महिन्यात त्यांचे प्रमुख क्रिस अल्ब्रेक्ट पण पद सोडून गेले. सोप्रानोजचा शेवटचा एपिसोड संपला आणि त्याच रात्री लगेच जॉन फ्रॉम सिनसिनाटी सुरू केली, डेडवुडवाल्या डेव्हिड मिल्चची, कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल बीचवरच्या सर्फिंग करणाऱ्या घराण्याची. दहा एपिसोड आणि खेळ खल्लास. आणि ती चालू असतानाच, त्याच जुलैमध्ये, एएमसी नावाच्या चॅनलवर मॅड मेन सुरू झाली, तोवर त्या चॅनलला जुने पिक्चर दाखवणारं म्हणूनच ओळखायचे. ती लिहिणारा मॅथ्यू वायनर सोप्रानोजच्याच लेखकांच्या टीममधला, म्हणजे एचबीओच्या घरातलाच माणूस, मॅड मेनची स्क्रिप्ट वाचूनच त्याला तिथे काम मिळालं होतं आणि ती स्क्रिप्ट एचबीओकडे आधी जाऊन आली होती. त्यांनी ती केली नाही. मला यात सगळ्यात जास्त हेच लागतं, की पुढची मोठी गोष्ट बाहेर कुठे लपलेली नव्हती, त्यांच्याच टेबलावर पडलेली होती.

आता लोक म्हणतात की मग 2011 मध्ये गेम ऑफ थ्रोन्स आली आणि एचबीओ वाचलं, म्हणजे भव्य काहीतरी पाहिजे, ड्रॅगन पाहिजेत, सैन्य पाहिजे. मला हे अजिबात पटत नाही. पहिला सीझन परत काढून बघा. टिरियन लढाईला निघतो, सगळी तयारी होते, आणि आपल्याच माणसांच्या गर्दीत डोक्याला मार लागून बेशुद्ध पडतो, शुद्धीवर येतो तर लढाई संपलेली. रॉब स्टार्क जेमीला पकडतो ती लढाई पण पडद्यावर नाहीच. पैसे नव्हते एवढं साधं कारण आहे. आणि बघणाऱ्या कुणाचं काही अडलं नाही, कारण लोक बघत होते ते बंद खोल्यांमधलं बोलणं, नेड स्टार्कचा हट्ट, सर्सीचं हसणं. हा शो लोकांच्या मनात बसला तो माणसांमुळे, ड्रॅगन त्यानंतर मोठे झाले. मग त्याच्या पुढची शहाणीव काय निघाली, तर शो संपायच्या आधीच पाच प्रीक्वेलचा, म्हणजे त्याच्या आधीच्या काळातल्या सिरीजचा विचार, त्यातल्या एकाचा नाओमी वॉट्सला घेऊन पायलट, म्हणजे चाचणीचा पहिला एपिसोड शूट केला, त्यावर तीस मिलियन डॉलरच्या वर खर्च झाला आणि तो कुणाला दाखवलाच नाही, 2019 मध्ये गुंडाळून ठेवला. तेवढ्या पैशात सहा एपिसोडची एखादी अख्खी छोटी सिरीज उभी राहिली असती आणि त्यातून एखादा नवा लेखक तरी हाताला लागला असता.

लेखक धरून ठेवा म्हणतो त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण माझ्या मते डेव्हिड सायमन. हा बाल्टिमोर सन पेपरचा क्राइम रिपोर्टर. त्याचा जोडीदार एड बर्न्स, बाल्टिमोर पोलिसात खुनांचा तपास करणारा डिटेक्टिव्ह, आणि नंतर तिथल्याच सरकारी शाळेत मास्तर. दोघांपैकी कुणीही हॉलीवूडचा स्टार नाही. एचबीओने 2000 साली त्यांच्याकडून द कॉर्नर करून घेतली, सहा एपिसोड, बाल्टिमोरच्या एका नाक्यावरच्या ड्रग्जमध्ये अडकलेल्या घराची गोष्ट. ती जमली म्हणून मग 2002 मध्ये द वायर, त्याच शहरातल्या पोलिसांची आणि ड्रग्जवाल्यांची. तिला प्रेक्षक कमी, एमी, म्हणजे अमेरिकन टीव्हीचं सगळ्यात मोठं अवॉर्ड, तर पाच सीझनमध्ये एकही मिळालं नाही, तिसऱ्या सीझननंतर बंद व्हायच्या बेतात होती. आणि चौथा सीझन, तो शाळेतल्या चार पोरांचा, जो मला आजपर्यंत टीव्हीवर झालेल्या कामातलं सर्वोत्तम काम वाटतं, तो आला कुठून, तर बर्न्सने वर्गात उभं राहून जे बघितलं त्यातून. वायर तिसऱ्या सीझनला बंद केली असती तर हे झालंच नसतं. आज एचबीओचं नाव निघालं की लोक पहिल्या दमात वायर म्हणतात, आणि ती त्यांच्या रेटिंगच्या यादीत कधीच वर नव्हती.

अजून एक घ्या, माइक व्हाइट. त्याची एनलाइटन्ड 2011 मध्ये आली, लॉरा डर्न होती, अठरा एपिसोड झाले, बघणारे फार थोडे, बंद केली. पण माणसाशी संबंध तोडला नाही. 2020 मध्ये कोविडमुळे सगळी शूटिंग ठप्प, चॅनलला पटकन एकाच जागी शूट होईल असं काहीतरी हवं होतं, त्यांनी त्याला विचारलं, त्याने माउई बेटावरचं पाहुणे नसलेलं बंद हॉटेल घेऊन सहा एपिसोडची द व्हाइट लोटस केली. 2022 ला दहा एमी. क्रेग मेझिनचं पण बघा, हँगओव्हरचे सीक्वेल आणि स्केरी मूव्हीसारखे पिक्चर लिहिणारा माणूस, त्याला पाच एपिसोडमध्ये 1986 च्या अणुभट्टीच्या स्फोटाची गोष्ट सांगायची होती, त्यांनी सांगू दिली, 2019 मध्ये चेर्नोबिल आली आणि त्याच माणसाने पुढे द लास्ट ऑफ अस आणली. तुम्ही म्हणाल मिल्चचं काय मग, तो पण घरचाच होता आणि पडला. बरोबर आहे, पडला. पण जॉन फ्रॉम सिनसिनाटी सोप्रानोजच्या जागेवर बसवली म्हणून इतकी मोठ्याने पडली. तीच सहा एपिसोडची असती, बुधवारी आली असती, तर कुणी एवढं बोललंही नसतं आणि मिल्चला पुढचं काही सुचायला वेळ मिळाला असता.

कामात रुतलेली गोष्ट का म्हणतो ते सांगतो. द पिट बघितली असेल तर लगेच कळेल. पिट्सबर्गच्या हॉस्पिटलचं इमर्जन्सी डिपार्टमेंट, एकच शिफ्ट, पंधरा एपिसोड, एक एपिसोड म्हणजे त्या शिफ्टचा एक तास. मुख्य सेट एकच, मोठा स्टार म्हणावा तर नोआ वायली, तोही जुन्या डॉक्टरवाल्या सिरीजमुळे माहीत असलेला. बातम्यांमध्ये एपिसोडचा खर्च चार ते पाच मिलियन डॉलर सांगितला गेला, हाऊस ऑफ द ड्रॅगनच्या पहिल्या सीझनचा आकडा वीसच्या जवळ जातो. आणि 2025 ला बेस्ट ड्रामाचा एमी कुणाला, तर पिटला. (ती मूळची चॅनलची नाही, त्यांच्याच स्ट्रीमिंगसाठी केलेली, पण घर एकच.) तिथे वेटिंग रूममध्ये तासन् तास बसलेला माणूस आहे, बेड नाहीत म्हणून कॉरिडॉरमध्ये पडलेले पेशंट आहेत, नर्स कमी आहेत. हे सगळ्या अमेरिकेला रोज भोगावं लागतं आणि ते टीव्हीवर कुणी नीट दाखवत नव्हतं. अशा कितीतरी जागा शिल्लक आहेत. गावातला पेपर बंद पडल्यावर तिथल्या नगरपालिकेत काय चालतं. वृद्धाश्रम एखाद्या गुंतवणूक कंपनीने विकत घेतल्यावर तिथल्या आयांच्या ड्युट्या कशा बदलतात. इन्शुरन्सचे क्लेम नाकारणाऱ्या ऑफिसातला साधा कर्मचारी घरी जाऊन बायकोला काय सांगतो.

आणि एक विषय असा आहे जो मी त्यांच्या जागी असतो तर उद्या सकाळी सुरू केला असता. न्यू जर्सीच्या एडिसनमधलं एक मराठी घर, नवरा एच-1बी व्हिसावर, बायको आणि मुलगा त्याच्यावर अवलंबून, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं उभे, कारण नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला वर्षाला सात टक्क्यांच्या वर जायला साधारण देत नाहीत आणि भारतातले अर्जदार प्रचंड. दर महिन्याला सरकारचं व्हिसा बुलेटिन निघतं, त्यात कुठल्या तारखेपर्यंतच्या अर्जांचा नंबर लागला ते असतं, ती तारीख पुढे सरकते, कधीकधी मागेही जाते. आता पहिल्या एपिसोडला नवऱ्याची नोकरी जाते. नोकरी गेली की साधारण 60 दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा नाहीतर निघा. मुलगा तिथेच वाढलेला, 21 वर्षांचा झाला की आईबापाच्या व्हिसावर राहता येत नाही, आणि त्याचा वाढदिवस त्या 60 दिवसांच्या आतच. इकडे नाशिकला आजोबा आजारी, पण देश सोडून गेलं तर परत यायला स्टॅम्पिंगची, म्हणजे पासपोर्टवर नव्याने व्हिसाचा शिक्का घ्यायची भानगड, म्हणून जायचं की नाही यावर नवराबायकोत रात्रभर भांडण. सहा एपिसोड, एपिसोडला दहा दिवस. बंदूक नाही, खून नाही, तरी प्रत्येक एपिसोडच्या शेवटी पोटात गोळा येईल. आपल्यातल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एक तरी घर आहे, आणि मी हे मराठी म्हणून कौतुकाने सांगत नाहीये, अमेरिकेच्या व्यवस्थेबद्दल इतकं नेमकं सांगणारी दुसरी गोष्ट मला तरी दिसत नाही. भाषेचं कारण सांगू नका, 2018 पासून याच चॅनलने इटलीच्या राई नावाच्या टीव्ही कंपनीबरोबर माय ब्रिलियंट फ्रेंड चार सीझन दाखवली, नेपल्सच्या बोलीत, सबटायटल वाचत लोकांनी बघितली. तसंच इथे घरात मराठी आणि ऑफिसात इंग्रजी बोलू द्या, आई फोनवर आजीशी बोलते ते मराठीतच ठेवा. पण लिहायला असा कुणीतरी घ्या ज्याने ते बुलेटिन दर महिन्याला स्वतः उघडून बघितलंय.

अर्ध्या तासाचे शो पण सोडू नका. समबडी समव्हेअर नावाची कॅन्ससमधली छोटीशी गोष्ट तीन सीझन चालली, बहीण गेल्यावर आपल्या गावी राहिलेली एक बाई आणि तिचा एक मित्र, बस एवढंच. फार गाजली नाही, पण ज्यांनी बघितली ते तिच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. असे शो स्वस्तात होतात आणि ते बघणारी घरं सबस्क्रिप्शन बंद करत नाहीत.

मालकांबद्दल थोडंसं. 2018 मध्ये एटीअँडटी या फोन कंपनीने एचबीओची मालक टाइम वॉर्नर घेतली, पुढच्या वर्षी एचबीओचे प्रमुख रिचर्ड प्लेपलर सोडून गेले, 2022 ला डिस्कव्हरीबरोबर विलीनीकरण, अॅपचं नाव तर एचबीओ मॅक्सचं मॅक्स आणि मॅक्सचं परत एचबीओ मॅक्स झालं. प्रत्येक नव्या मालकाला कर्ज फेडायचं असतं म्हणून त्याला आधीच माहीत असलेलं नाव पाहिजे असतं, हॅरी पॉटर, बॅटमॅन, थ्रोन्सचं वेस्टेरॉस. एखाद-दोन ठेवा, त्याला माझी हरकत नाही, बिल त्यावर निघत असेल तर निघू दे. पण त्या पैशातला एक भाग दरवर्षी बांधून बाजूला काढा, ज्याला हात लावायचा नाही, आणि त्यात फक्त नवीन माणसांच्या सहा एपिसोडच्या गोष्टी. सक्सेशनसुद्धा 2018 मध्ये अशीच आली होती, ब्रिटिश कॉमेडी लिहिणाऱ्या जेसी आर्मस्ट्राँगची, पहिल्या सीझनला बघणारे मोजके, चौथ्याच्या शेवटच्या रात्री 29 लाख, आणि चारवर थांबायचं हे त्याने ठरवलं, चॅनलने नाही.

आणि हो, आठवड्याला एकच एपिसोड हे बिलकुल बदलू नका. रविवारी रात्री नऊला तिकडे, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे सोमवारी सकाळी साडेसहाला. थ्रोन्सच्या शेवटच्या सीझनला पुण्यात लोक ऑफिसला जायच्या आधी उठून बघायचे आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडायचे. छोट्या सिरीजला तर हे जास्तच लागतं, कारण तिची जाहिरात पोस्टरवर होत नाही, सहा आठवडे लोक एकमेकांना सांगतात तेव्हा होते.