सप्टेंबरची घाई की जानेवारीची वाट

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

‘सप्टेंबरमध्येच अर्ज टाकू की गुण वाढेपर्यंत थांबू?’ हा तुझा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही नेमकंच देते. अमेरिकेत जेडी, म्हणजे कायद्याची पदवी, करायची आहे, तिच्या प्रवेशासाठीच्या एलसॅटच्या सराव परीक्षांत १६१ ते १६४ गुण पडतात, मनातल्या शाळांचा, म्हणजे लॉ स्कूलचा, मध्यक (वर्गाच्या गुणांतला बरोबर मधला आकडा) १६८ च्या आसपास आहे, आणि जो तो सांगतोय की प्रवेश ‘रोलिंग’ असतात, तेव्हा सप्टेंबरमध्येच अर्ज टाकून मोकळी हो.

१६२ घेऊन सप्टेंबरमध्ये अर्ज टाकू नकोस. १६७ घेऊन नोव्हेंबरअखेर टाक. आणि १६७ यायला जानेवारी उजाडणार असेल तर काय, याचं उत्तर जरा लांब आहे. त्यासाठी आधी रोलिंगमध्ये आत नक्की काय घडतं ते समजून घे.

आपल्याकडे सीईटी होते, सगळ्यांचे गुण एकत्र येतात, गुणवत्ता यादी लागते आणि मग प्रवेशाच्या फेऱ्या. अमेरिकी लॉ स्कूलमध्ये अशी यादी नाही. बहुतेक शाळा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अर्ज घ्यायला सुरुवात करतात. शेवटची तारीख कुठे फेब्रुवारीत, कुठे एप्रिलमध्ये, कुठे आणखी पुढे. मधल्या काळात फाईल पूर्ण होईल तशी वाचली जाते आणि निर्णय सुटत राहतात. समज, एका शाळेत २०० जागा आहेत आणि होकार दिलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश विद्यार्थीच प्रत्यक्ष येतात, असा तिचा अंदाज आहे. म्हणजे ती ६०० होकार देणार. जानेवारी संपेपर्यंत त्यातले ३५० गेले असतील, तर फेब्रुवारीत आलेल्या सगळ्यांसाठी २५० उरतात. त्यातही जे डिसेंबरपासून ‘होल्ड’वर ठेवलेत ते याच २५० वर डोळा ठेवून बसलेले असतात. लग्नात शेवटच्या पंगतीला बसलेल्याला जेवण मिळतं, पण जिलबी उरली असेल तर. स्कॉलरशिपचं तसंच आहे. तो पैसा बहुतेक ठिकाणी जागांच्या आधी आटतो.

पण उशिराचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही, आणि तुझ्या बाबतीत कळीचा मुद्दा हाच आहे. प्रत्येक मान्यताप्राप्त लॉ स्कूलला आपल्या नव्या वर्गाच्या एलसॅट गुणांचा मध्यक, वरचा चतुर्थांश आणि खालचा चतुर्थांश अमेरिकन बार असोसिएशनच्या नियमाप्रमाणे दरवर्षी १५ डिसेंबरपर्यंत जाहीर करावा लागतो. त्या तक्त्याला सगळे ‘५०९ रिपोर्ट’ म्हणतात. शाळा मध्यक जिवापाड जपतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत प्रवेश कार्यालयाला आपला आकडा कुठे चाललाय हे नेमकं कळलेलं असतं. तो १६८ वर कसाबसा टिकला असेल, तर मार्चमध्ये आलेला १७० वाला अर्ज त्यांना हवाच असतो, आणि १६४ वाला मात्र ते बाजूला ठेवतात. थोडक्यात, मध्यकाच्या वर असलेल्याचं उशिरामुळे थोडंच नुकसान होतं. मध्यकावर किंवा जरा खाली असलेल्याचं सर्वांत जास्त होतं. १६२ वर घाई केलीस तर लवकर आलेला नकार किंवा वेटलिस्ट, एवढंच पदरात पडेल.

तुझ्यासाठी एलसॅट आणखी जड आहे, कारण तुझी पदवी भारतातली. एलसॅट घेणारी संस्था एलसॅक परदेशी पदवीचं ४ पैकी जीपीएमध्ये, म्हणजे सरासरी गुणांकात, रूपांतर करत नाही. गुणपत्रिकांवरून एक शेरा मिळतो: सुपीरिअर, अबव्ह अ‍ॅव्हरेज, अ‍ॅव्हरेज किंवा बिलो अ‍ॅव्हरेज. शाळेच्या जीपीए मध्यकात तू मोजलीच जात नाहीस. चांगल्या गुणांचा फायदा तिथे पुरता मिळत नाही, आणि आकड्यात दिसणारी तुझी एकच गोष्ट उरते, एलसॅट. म्हणून सहा आठवडे अधिक अभ्यास करून तीन-चार गुण वाढणार असतील, तर ते सहा आठवडे दे. शाळा जाहीर करतात तो सर्वोच्च गुण, त्यामुळे पुन्हा परीक्षा दिल्याने नुकसान फार नाही. मर्यादा मात्र लक्षात ठेव: चालू पाच वर्षांच्या काळात ५ वेळा, आयुष्यभरात ७ वेळा.

आता ‘लवकर’ या शब्दाकडे ये. इथेच आपली मुलं सर्वांत जास्त फसतात. अर्ज ‘सबमिट’ केल्याची तारीख कोणी बघत नाही. फाईल ‘कम्प्लीट’ कधी झाली, ते बघतात. एलसॅकच्या क्रेडेन्शियल असेंब्ली सर्व्हिसकडे ट्रान्सक्रिप्ट (विद्यापीठाने पाठवलेल्या अधिकृत गुणपत्रिका), शिफारसपत्रं आणि एलसॅटचा गुण, हे सगळं जमलं की अहवाल शाळेकडे जातो आणि मगच फाईल वाचायच्या गठ्ठ्यात पडते. १५ सप्टेंबरला अर्ज पाठवला आणि विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट १० जानेवारीला पोचली, तर तू जानेवारीची उमेदवार.

ट्रान्सक्रिप्टचं काम म्हणून आजच सुरू कर. एलसॅकच्या खात्यातून ट्रान्सक्रिप्ट विनंतीचा फॉर्म काढायचा, तो विद्यापीठाच्या परीक्षा विभागात द्यायचा, आणि विद्यापीठाने थेट एलसॅककडे पाठवायचं. तू घरी आणून कुरिअर केलेल्या प्रती चालत नाहीत. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका हव्यात, पदवी मिळाल्याचा पुरावाही हवा. एखाद्या सत्रात एटीकेटी असेल तर आधीची आणि नंतरची, दोन्ही गुणपत्रिका जोड. पाकिटात एक कागद कमी निघाला की सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तेही गणपती-दिवाळीच्या सुट्ट्यांच्या काळात. कागद पोचल्यावरही मूल्यांकनाला काही आठवडे लागतात. ऑगस्टमध्ये विद्यापीठात चकरा सुरू केल्यास तर ऑक्टोबरअखेर निर्धास्त राहशील.

नावाकडे बघ. आपल्या गुणपत्रिकांवर बहुधा आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर क्रम वेगळा. एलसॅकचं खातं पासपोर्टवरच्या नावानेच उघड, कारण परीक्षेला ओळखपत्राशी नाव तंतोतंत जुळावं लागतं. गुणपत्रिकेवरचं नाव ‘इतर नावं’ म्हणून तिथेच नोंदव. हे केलं नाही तर तुझी ट्रान्सक्रिप्ट त्यांच्याकडे पोचूनही तुझ्या खात्याला जोडली जात नाही, आणि तू इकडे विद्यापीठाला दोष देत बसतेस.

आणखी एक, तीन वर्षांच्या पदवीबद्दल. भारतातल्या तीन वर्षांच्या बी.कॉम.ला कोणती शाळा कसं बघते, हे सगळीकडे सारखं नाही. यादीतल्या प्रत्येक शाळेला आत्ताच ईमेल कर आणि उत्तर जपून ठेव. अर्जाचं शुल्क भरल्यावर हे कळण्यात काही अर्थ नाही.

शिफारसपत्रं बहुतेक ठिकाणी दोन लागतात. एक तरी शिकवलेल्या प्राध्यापकांचं असावं. एलसॅककडून त्यांना ईमेलने लिंक जाते, ते पत्र स्वतः चढवतात. पत्र लेटरहेडवर आणि सहीनिशी असायला हवं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं सर म्हणाले तर नम्रपणे नाही म्हण. त्याऐवजी त्यांच्या वर्गात केलेला प्रकल्प, लिहिलेला निबंध, मिळालेले गुण असं एक पान लिहून दे. त्यांना ३० सप्टेंबर ही तारीख सांग, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पत्र येईल.

एलसॅटचा लेखी भाग वेगळा द्यावा लागतो, परीक्षेच्या साधारण आठवडाभर आधी तो खुला होतो. पहिल्यांदा परीक्षा देणाऱ्याचा लेखी भाग मंजूर झाला नसेल, तर गुण अडकून पडतो. त्या तपासणीलाही वेळ लागतो, तेव्हा तो खुला होताच देऊन टाक. परीक्षेत आता दोन तार्किक विचाराचे विभाग आणि एक वाचन आकलनाचा, शिवाय एक न मोजला जाणारा. प्रत्येकी ३५ मिनिटं. जुनी ‘लॉजिक गेम्स’ ऑगस्ट २०२४ पासून गेली, त्यामुळे भावाकडची जुनी पुस्तकं त्या भागापुरती बाजूला ठेव. ‘एलसॅट इंडिया’ नावाची परीक्षा वेगळी होती, तिचा गुण अमेरिकेत चालत नाही.

तर वेळापत्रक असं. ऑक्टोबरची परीक्षा मुख्य धर, नोव्हेंबरची राखीव. दोन्हींची नोंदणी आधीच कर, कारण ती परीक्षेच्या सुमारे सहा आठवडे आधी बंद होते आणि ऑक्टोबरचा निकाल हाती येईपर्यंत नोव्हेंबरचं दार लागलेलं असतं. ऑक्टोबरला १६७ आले तर अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या आत सगळे अर्ज पाठव. १ सप्टेंबर आणि १५ नोव्हेंबर यांत फरक फार थोडा असतो. शरद ऋतूच्या सुरुवातीला प्रवेश अधिकारी कॉलेजांच्या मेळाव्यांसाठी फिरतीवर असतात, गठ्ठे खऱ्या अर्थाने नंतर वाचले जातात. १५ नोव्हेंबर आणि १५ फेब्रुवारी यांत मात्र फरक मोठा आहे. काही शाळा स्वतःच सांगतात की मुदतीच्या आत कधीही या, आम्हाला सारखंच. त्यांच्या बाबतीत ते खरं मान आणि निबंधाला आणखी वेळ दे.

ऑक्टोबरला १६४ आणि नोव्हेंबरला पुन्हा परीक्षा, असं झालं तर अर्जात पुढच्या परीक्षेची तारीख खरी भर. काही शाळा तो गुण येईपर्यंत फाईल थांबवतात, काही आहे त्यावर निर्णय घेतात. कोणती शाळा काय करते ते आधी विचारून घे, नाहीतर ज्या गुणावर नकार हमखास आहे त्यावरच तो येऊन बसेल.

आता जानेवारी. त्या परीक्षेचा निकाल महिनाअखेरीस येतो, म्हणजे फाईल फेब्रुवारीच्या सुरुवातीला पूर्ण. सराव परीक्षांची सरासरी तोवर १६९-१७० ला टेकली असेल, तर जानेवारी दे आणि याच वर्षी अर्ज कर, बाकीचे सगळे कागद आधीच जमवून. सरासरी १६६ च्या आसपासच घुटमळत असेल, तर याच वर्षी अर्ज करू नकोस. नोकरी चालू ठेव, एप्रिल किंवा जूनची परीक्षा दे, आणि पुढच्या सप्टेंबरमध्ये सगळं तयार ठेवून उतर. वर्ष वाया गेलं असं घरचे म्हणतील. त्यांना आकडा दाखव: मध्यकाखाली फेब्रुवारीत मिळालेला प्रवेश बहुतेक वेळा पूर्ण फीचा असतो, आणि मध्यकावर नोव्हेंबरमध्ये मिळालेल्या प्रवेशात तीन वर्षं लागू राहणारी स्कॉलरशिप असू शकते. ५०९ रिपोर्टमध्ये किती जणांना किती स्कॉलरशिप मिळाली तेही छापलेलं असतं. बाबांना घेऊन ते पान वाच.

याच कारणासाठी ‘अर्ली डिसिजन’ला तू हात लावू नकोस. त्यात प्रवेश मिळाला तर बाकीचे अर्ज मागे घेण्याचं बंधन असतं. तू येणारच हे शाळेला कळलं की पैशाची बोलणी करायला तुझ्याकडे काही उरत नाही. पैशाची चिंता नसलेल्याला ते ठीक आहे.

तुझ्या न्यू जर्सीच्या चुलतभावालाही हे सांग. तो अमेरिकेचा नागरिक आहे म्हणून त्याला सरकारी कर्ज मिळेल, पण १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होऊन वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० डॉलर अशी मर्यादा आली आहे. त्याच्यासाठीही वेळेत स्कॉलरशिप मिळणं आता तितकंच महत्त्वाचं आहे.

वेटलिस्टचं एवढंच: ती मे ते ऑगस्टमध्ये हलते. तुला मात्र आय-२० या, व्हिसासाठी लागणाऱ्या शाळेच्या फॉर्मसाठी पहिल्या वर्षाच्या पैशांचा पुरावा, मग सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचं) शुल्क, मग मुंबईच्या वकिलातीत व्हिसाची मुलाखत, हे सगळं ऑगस्टच्या मध्यापूर्वी उरकायचं असतं. जुलैत वेटलिस्ट उघडली तरी तुला गाठता येईलच असं नाही. तिच्यावर विसंबून दुसरीकडची जागा सोडू नकोस.

सोमवारी परीक्षा विभागात जा, ट्रान्सक्रिप्टची पावती घे आणि तिचा फोटो मला पाठव. ऑक्टोबरचा निकाल आला की शाळांची यादी पुन्हा एकदा बसून बघू.

तुझी,
मावशी