'भरतीच' मधला 'च'

मी समुपदेशक. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे तोच प्रश्न येतो. "मॅडम, कॉलेज करू की भरती देऊ?" नाशिक रोडला तोफखाना केंद्र जवळच, त्यामुळे तिथली कसम परेड, म्हणजे जवानांची शपथ घेण्याची परेड, पाहून भारावलेली मुलं आसपासच्या प्रत्येक गावात आहेत. आणि प्रत्येक घरात एक बाप म्हणतोय, "आधी पदवी."

त्याला आपण समाधान म्हणू. निफाड तालुक्यातला, वय अठरा. पहाटे साडेचारला ग्राउंडवर असायचा. बुटाचा तळवा उसवलेला, त्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळलेली. वडील सातपूरच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. पहिले दोन-तीन वेळा दोघं माझ्यासमोर बसून एकमेकांशी न बोलता माझ्याशीच बोलले.

"मला भरतीच व्हायचंय."

"ग्रॅज्युएशन झालंच पाहिजे."

माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे, म्हणजे 'झालंच पाहिजे' हा हट्ट सोडून 'व्हावं असं वाटतं' असा विचार करायला शिकवण्याकडे. इतक्या वर्षांत कान तयार झालाय, आधी वाक्यातला 'च' ऐकू येतो. इच्छा माणसाला पळवते, पण 'च' त्याचा गळा आवळतो. मी समाधानला म्हटलं, "तेच वाक्य 'च' काढून म्हण."

"मला भरती व्हायचंय." तो थांबला. मग खाली बघत स्वतःच म्हणाला, "पण नाही झालो तर?"

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं हेच समुपदेशकाचं खरं काम असतं.

"चौकात झालेल्यांचे फ्लेक्स लागतात, मॅडम. माझ्याबरोबरच्या दोघांचे लागले. मला तिकडून जाववत नाही."

तेवढ्यात वडिलांनी पहिल्यांदा थेट त्याला विचारलं, "सोळाशे किती मिनिटांत मारतो?"

समाधाननं चमकून मान वर केली. सोळाशे मीटरला नुसतं 'सोळाशे' म्हणतो तो स्वतः पळालेला असतो.

"पाच पन्नास."

"मी पण तिथंच अडकलो होतो. तीनदा. भरतीपायी कॉलेज सोडलं, मग दोन्ही गेलं."

आठ-नऊ वर्षं पोरगं आर्मीचं स्वप्न बघतंय आणि बापानं हे कधी सांगितलं नव्हतं. दोघांची भीती एकच होती, हे मला त्या क्षणी कळलं. पुढचं सगळं सोपं गेलं.

कारण व्यवहारात हा 'हे की ते' असा प्रश्नच नाही. एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, तिच्यासाठी वय साडेसोळा ते साडेएकोणीस, बारावीवर. आर्मीसाठी कुठलीही शाखा चालते. हा दरवाजा सर्वांत आधी बंद होतो, म्हणून आधी त्याकडे बघा. अग्निवीरसाठी साडेसतरापासून सुरुवात; वरची मर्यादा त्या वर्षीच्या जाहिरातीत नीट वाचा. ती नोकरी चार वर्षांची, त्यानंतर कायम होणार जास्तीत जास्त 25 टक्के. बाकीच्यांना सुमारे 11.71 लाखांचा सेवानिधी मिळतो, पेन्शन नाही. हा आकडा पालकांनी मुलासमोर बसून बोलावा, त्याच्या पाठीमागे नको. सेवेत असताना इग्नूची अग्निवीरांसाठीची खास पदवी करता येते, प्रशिक्षणाचे निम्मे श्रेयांक त्यात धरतात. आणि पदवी आधी केली तर सीडीएस, म्हणजे पदवीधरांना अधिकारी होण्यासाठीची परीक्षा, आहेच. त्याच्या तयारीचं सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आपल्या नाशिक रोडलाच आहे. कॉलेजात एनसीसी घ्या. 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत मिळालं, तर पदवीनंतर लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडीच्या मुलाखतीला, जाण्याचा वेगळा मार्ग उघडतो.

मुलींच्या आयांनाही हेच सांगते. एनडीएचा दरवाजा आता त्यांनाही उघडा आहे.

समाधान अजून भरती झालेला नाही. एफवायबीएस्सीला प्रवेश घेतलाय, एनसीसीत निवड झालीय, बूट नवे आलेत. रात्रपाळी नसेल त्या दिवशी मोबाइलवर वेळ लावायला वडील ग्राउंडवर उभे असतात.