सहा माणसांचं ऑफिस आणि मुलीचं करिअर

प्रश्न : माझा सोलापुरात शाळेच्या गणवेशाचा छोटा धंदा आहे, दहा मशिनी आहेत. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७८ टक्क्यांच्या खाली कधी आली नाही. कॉलेज सांभाळून ती सात रस्त्याजवळच्या एका वेब डिझाइन कंपनीत जाते. मालक धरून सहा माणसं, भाड्याच्या दोन खोल्या. दुकानांच्या, दवाखान्यांच्या वेबसाइट करतात. परीक्षेनंतर तिथंच पूर्ण वेळ राहायचं म्हणते. एवढे मार्क घेऊन अशा ठिकाणी? आता तर एआय दोन मिनिटांत वेबसाइट बनवतं. मी स्वतः जाऊन मालकाला सगळ्यांसमोर विचारलं, पाच वर्षांनी हिला काय देणार? तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला तिला पुण्याला पाठवायचं आहे. कसं समजवावं?
– एक वडील, सोलापूर

उत्तर : तुमच्या पत्रात मार्क, पुणे, एआय यातलं काहीच मला काळजीचं वाटलं नाही. मालकाला सगळ्यांसमोर विचारलं, हे वाचून मात्र मी थांबले. मुलगी स्वतःच्या हिमतीवर काम मिळवते, कॉलेज करून रोज तिथं जाते आणि एक दिवस तिचे वडील येऊन सहकाऱ्यांदेखत तिच्या मालकाला जाब विचारतात. दुसऱ्या दिवशी तिला त्याच माणसांमध्ये जाऊन बसायचं होतं, याचा विचार तुम्ही केला होता का? ती बोलत नाही याचं मला नवल वाटत नाही. एवढं होऊनही ती काम सोडत नाही, म्हणजे त्या कामात तिला काहीतरी गवसलेलं आहे.

ते काय, हे तुमच्या पत्रात कुठंच नाही. टक्के आहेत, खोल्या किती ते आहे, माणसं किती ते आहे. ती तिथं कोड लिहिते, पानांची मांडणी करते की दुकानदारांशी बोलते, याबद्दल एक ओळ नाही. तुम्ही तिला विचारलंच नसावं.

तुमच्याच धंद्याकडे पाहा. कटिंग मास्टर हुशार असेल तर दहा मशिनींचं युनिट शाळा उघडायच्या आत ऑर्डर पुरी करतं. तो कच्चा असेल तर पन्नास मशिनींच्या कारखान्यातला मालही परत येतो. उद्या एखादे मुख्याध्यापक तुमच्या कारागिरांसमोर म्हणाले, ‘दहा मशिनींचा कसला कारखाना?’ तर तुम्हाला कसं वाटेल?

एआयचा समज मात्र दूर करायला हवा, कारण तो हल्ली घरोघरी ऐकू येतो. पान मांडून मिळणं एआय यायच्या आधीच सोपं झालं होतं. वर्डप्रेस हे वेबसाइट बनवायचं सॉफ्टवेअर २००३ पासून आहे, त्यात तयार साचे मिळतात, कोड न लिहिताही साइट उभी राहते. तरीही दुकानदार अशा छोट्या कंपनीकडे येतो, कारण आपल्याला काय हवं हे त्याला सांगता येत नाही. टॉवेल-चादरीचा व्यापारी एवढंच म्हणतो, ‘चांगली साइट करून द्या.’ मग कुणाला तरी त्याच्या दुकानात जाऊन बसावं लागतं. गिऱ्हाईक किरकोळ की ठोक? हॉटेलवाला टॉवेलचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम, ते आधी विचारतो. ते कुठं लिहिलंय? सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच मिळणारी नोंद, आहे, तर तुम्ही त्याचे नोंदणीकृत वापरकर्ते आहात का? फोटो ट्यूबलाइटखाली काढलेले, पाच-पाच एमबीचे. ते परत काढून हलके केले नाहीत तर अक्कलकोटच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पान उघडायच्या आत तो दुसरीकडे जातो. मालक घरी तेलुगू बोलतो, मुनीम कानडी वळणाचं मराठी, आणि मजकूर हवा मराठीत नि इंग्रजीत. भाव बदलले की फोन येतो. डोमेनचं, म्हणजे साइटच्या इंटरनेटवरच्या नावाचं, नूतनीकरण चुकलं, साइट बंद पडली, की परत फोन येतो. एआय पान मांडेल, मजकुराचा खर्डाही देईल, पण व्यापाऱ्यानं कुणाला सांगितलेलीच नाही ती गोष्ट त्याला कुठून कळणार? हां, तयार साच्यात नुसतं नाव आणि लोगो बदलून देणाऱ्यांचं काम जाणार, हे खरं आहे. तुमची मुलगी यातलं कुठलं काम करते, ते बघायला हवं.

कंपनी जोखायची तर तिथली माणसं जोखा. तिचं काम कुणी तपासतं का, चुका दाखवून देतं का? ग्राहकाचं डोमेन ग्राहकाच्या नावावर घेतात, की स्वतःच्या नावावर ठेवून त्याला अडकवतात? हा प्रश्न मी सगळ्यात वर ठेवते. गिऱ्हाइकाला बांधून ठेवणारा मालक हाताखालच्या माणसालाही वाढू देत नाही. ही चौकशी मुलीनं करायची आहे, तुम्ही नाही.

आता थोडं तिच्यासाठी, हे पत्र तिला वाचायला द्या. बाळा, छोट्या ऑफिसाचे तोटे खरे आहेत. वीसपेक्षा कमी माणसं असली तर भविष्य निर्वाह निधीचा कायदा सक्तीनं लागू होत नाही, तेव्हा पीएफ नसेल असंच धरून चाल. दुकानदारांची बिलं थकली की पगार लांबतो. शिकवणारा एकच असतो. तो गेला की शिकणं थांबतं. म्हणून नेमणुकीचं पत्र माग, पगार बँकेत माग आणि तू केलेलं काम पुढं दाखवायची लेखी परवानगी माग. नाही म्हणाले तर तिथं थांबू नकोस. जावास्क्रिप्ट ही वेबसाइटचा कोड लिहायची भाषा पक्की कर, नुसत्या साच्यांवर राहू नकोस.

पुढच्या वाटा तुम्हा दोघांना ठाऊक असतीलच : बीसीएच्या पुढच्या एमसीए पदवीसाठी राज्याची सीईटी प्रवेश परीक्षा, तीच पदवी एनआयटीत करायची तर निमसेट. डिझाइनमध्ये जायचं तर आयआयटी मुंबई घेते ती सीड परीक्षा. बारावीनंतरची तीन वर्षांची पदवी असली की त्याला बसता येतं. वर्षभर काम करून यातली कुठलीही देता येईल. हुतात्मा एक्स्प्रेस आहेच, पुणे कुठं पळून जात नाही.

आणि तुम्ही? त्या ऑफिसात पुन्हा जाऊ नका. तिची माफी मागा, आईकडून निरोप न पाठवता स्वतः, समोर बसून. मग तिनं केलेलं एखादं पान मोबाइलवर दाखवायला सांगा आणि ती बोलत असताना मध्ये पगार आणू नका. सीईटी द्यायची असं तिनं ठरवलं तर अर्जाची फी भरा. नाही ठरवलं तर वर्षभर पुण्याचा विषय काढू नका.