इंग्रजी लिहायचंय? आधी वाक्य नीट उभं कर

महापेच्या ऑफिसात रोज ईमेल लिहावे लागतात म्हणून तू व्याकरणाचं जाडजूड पुस्तक आणलंस. ते सध्या बाजूला ठेव. आधी वाक्याची रचना हातात बसू दे.

मराठीत कर्ता गाळला तरी चालतं, क्रियापदावरूनच तो कळतो. ‘उद्या येते’ म्हटलं की झालं. इंग्रजीत मात्र ‘आय विल कम टुमॉरो’ असंच लिहावं लागतं. अगदी पाऊस पडला तरी ‘इट इज रेनिंग’. तो ‘इट’ म्हणजे कोणी नाही, फक्त कर्त्याची जागा भरतो. शिवाय आपल्याकडे प्रत्यय असतात, म्हणून ‘क्लायंटला मॅनेजरने बोलावलं’ असं उलटं लिहिलं तरी अर्थ टिकतो. ‘द मॅनेजर कॉल्ड द क्लायंट’मधली नामं उलटवलीस, तर बोलावणाराच बदलतो! पहिला महिना एवढ्यावरच घालव, असं मला मनापासून वाटतं.

ठाणे-वाशी लोकलमध्ये बसल्या बसल्या समोर दिसेल त्याची वाक्यं कर. ‘द ट्रेन स्टॉप्स ॲट ऐरोली.’ यातल्या ‘स्टॉप्स’चा शेवटचा ‘स’ गाळू नकोस. ‘अ’ की ‘ॲन’ हे उच्चारावर ठरतं: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’.

आणि स्वल्पविराम जपून वापर. ‘द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द मीटिंग’ हे चूक. मध्ये पूर्णविराम दे किंवा स्वल्पविरामानंतर ‘सो’ घाल. उद्याचा ईमेल पाठवण्याआधी प्रत्येक वाक्यातला कर्ता आणि क्रियापद अधोरेखित करून मला दाखव.