गॅसचं गणित दोन मिनिटांचं, पण त्या यूलिपचं काय?

न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या एका वाचकांनी लिहिलंय, घर जुनं, घर गरम करणारा फर्नेस ऑइलचा, हिवाळ्यात 700 गॅलन जातात म्हणजे साधारण 2,600 डॉलर. रस्त्यावर गॅसची लाइन आलेली आहे, गॅसचा फर्नेस बसवायला कॉन्ट्रॅक्टर 13,000 डॉलर मागतोय आणि 11 टक्क्यांनी सात वर्षांचं लोनही तोच देतोय, घेऊ का? चार-पाच वर्षांत पुण्याला परतायचंय. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: "कॅश नाही कारण पुण्यातल्या बँकेच्या आरएमने दिलेल्या टॅक्स-फ्री यूलिपमध्ये वर्षाला 5 लाख जातात, तिसरा हप्ता मार्चमध्ये आहे." (यूलिप म्हणजे विमा आणि बाजारातली गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी, आरएम म्हणजे बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर.)

आधी गॅसचं उरकतो. एका गॅलन ऑइलमध्ये जवळजवळ 1.4 थर्म (गॅसच्या बिलातलं माप) उष्णता, म्हणजे 700 गॅलनचे 970 थर्म, त्यातले जुना फर्नेस 80 टक्केच घराला देतो, बाकीचे चिमणीतून वर. धुरातली उष्णताही वापरणारा नवा कंडेन्सिंग फर्नेस 95 टक्के देतो म्हणून तेवढ्याच उबेला 820 थर्म पुरतात. शेजाऱ्यांच्या बिलावरून तुम्ही दीड डॉलर थर्म लिहिलाय, तो धरला तर 1,230, महिन्याचा फिक्स्ड चार्ज टाकून 1,350. वर्षाला वाचले साडेबाराशे. शिवाय ऑइलच्या ट्रकची वाट बघायची कटकट गेली, हा फायदा खराच आहे. पण 13,000 फिटायला दहा वर्षं लागणार आणि तुम्ही पाचव्या वर्षी विमानात. लोनवर घेतलंत तर हप्ता महिना 223, वर्षाला 2,670, म्हणजे आजचं ऑइलचं बिल जेवढं तेवढा नुसता हप्ता आणि गॅसचं बिल वर! फेडरल टॅक्स क्रेडिट मिळेल म्हणून कॉन्ट्रॅक्टर सांगतोय ना, ते 31 डिसेंबर 2025 ला संपलं. लोन नको, विषय संपला.

आता न विचारलेलं. अहो, ते यूलिप टॅक्स-फ्री नाहीच! 1 फेब्रुवारी 2021 पासून घेतलेल्या यूलिपचा वार्षिक हप्ता अडीच लाखांच्या वर असेल तर मॅच्युरिटीवर भारतातच टॅक्स लागतो, तुमचा तर दुप्पट आहे. हे आरएमला माहीत नव्हतं असं मी मानत नाही. आणि तुम्ही टॅक्स भरता अमेरिकेत, तिथे आयआरएस, म्हणजे तिथलं आयकर खातं, पॉलिसीच्या आत साठणारी वाढ दरवर्षीच टॅक्सेबल धरू शकते, वर परदेशी विमा कंपनीला भरलेल्या प्रीमियमवर 1 टक्का एक्साइज टॅक्स आहे तो वेगळा. एफबारचं, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणाऱ्या फॉर्मचं, तर तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणजे भरला नसणार. पॉलिसीची किंमत अधिक एनआरई (अनिवासी भारतीयांचं भारतातलं) खातं असेल तर ते मिळून वर्षात एकदा जरी 10,000 डॉलरच्या वर गेलं तरी तो भरावा लागतो, आणि तुमचे दोन हप्त्यांचे 10 लाखच त्याच्या पुढे जातात. दंड मोठा असतो, म्हणून भारतीय पॉलिसी हाताळलेला सीपीए (अमेरिकेतला सीए) गाठा आणि मागचे राहिलेले फॉर्म त्याच्याकडूनच भरून घ्या, आपल्या मनाने गुपचूप काही करू नका.

मार्चचा हप्ता भरू नका. आरएम "नुकसान होईल" म्हणून फोनवर फोन करेल, पण डिसकंटिन्युअन्स चार्ज, म्हणजे हप्ते थांबवल्याबद्दलची कपात, जास्तीत जास्त 6,000 रुपये असतो आणि तोही पहिल्याच वर्षी, पुढे कमी होत जातो. पैसे वेगळ्या फंडात किमान 4 टक्क्यांवर पडून राहतात आणि पॉलिसीला पाच वर्षं झाली की मिळतात. कव्हर जाईल, तर जाऊ दे. एडिसनचं मॉर्गेज डोक्यावर असताना ते 50 लाखांचं कव्हर बायकोला किती महिने पुरणार होतं? तिथेच टर्म इन्शुरन्स घ्या, आणि तो हातात आल्यावरच हे सोडा.

हप्ते थांबले की वर्षाला साडेपाच हजार डॉलर मोकळे होतात. त्यातून आधी सहा महिन्यांचा खर्च बाजूला, गॅस त्यानंतर आणि रोख.

फक्त एक गोष्ट राहिली, ऑइलची टाकी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. बेसमेंटमध्ये दिसत नसेल आणि बाहेर भिंतीलगत गवतातून झाकणाचा पाइप डोकावत असेल तर ती पुरलेली आहे. तशी असेल तर न्यू जर्सीत घर विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच तपासतं, आणि गळती निघाली तर माती काढायचा खर्च फर्नेसच्या कितीतरी पट. मग टाकीचं काम आधी घ्यावं लागेल. आज घरी गेलात की बघा आणि कळवा.